चिखलात ट्रॅक की टायर? माझं घोडं अडलं हवेपाशी

सहा किंवा आठ चाकांच्या उभयचर गाडीला ट्रॅक, म्हणजे प्रत्येक बाजूच्या सगळ्या टायरांभोवती गुंडाळायचे पट्टे, लावायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणते? रबरी की प्लॅस्टिकचे, रुंद की अरुंद? टायरमध्ये हवा किती भरायची, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ट्रॅक चढवण्याचं काम एका दुपारचं. तेच ट्रॅक चिखलात नीट चालेपर्यंत जे दिवस गेले, ते सगळे हवेने खाल्ले. सोबतच्या पुस्तिकेत दाबाचा एक आकडा आणि 'ताण तपासा' एवढं एक वाक्य. तो आकडा कोणत्या तापमानाला, कोरड्यात की पाण्यात, सगळ्या चाकांना सारखाच की नाही, याबद्दल अवाक्षर नाही.

आधी गाडीची रचना. या गाड्यांना सस्पेन्शन नसतं. मऊ, कमी दाबाचे टायरच ते काम करतात. एका बाजूची सगळी चाकं आतल्या चेनने एकमेकांना जखडलेली असतात, त्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. वळायचं असेल तर एका बाजूला ब्रेक लावायचा. कॅनडात १९६७पासून बनणाऱ्या आर्गोपासून पुढच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा थोड्याफार फरकाने असाच आहे. चेनने जखडलेली चाकं ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

नुसत्या टायरवर आठ चाकी गाडी जमिनीवर साधारण २ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब टाकते. ट्रॅक चढवले की तो १च्या खाली येतो. उभ्या माणसाच्या तळपायाखालचा दाब याच्या कित्येक पट असतो, म्हणून जिथे आपण गुडघ्यापर्यंत रुततो तिथे ही गाडी वरून निघून जाते. पण दाब कमी म्हणजे काम झालं, असं नाही. चिखल दोन तऱ्हेचा असतो. एक चिकण मातीचा, ज्याच्या वीतभर खाली टणक थर लागतो. दुसरा तळ न लागणारा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा, वर गवताची साय धरलेला. पहिल्यात माझं मत टायरच्या बाजूने आहे. टायरच्या खाचांत माती भरते खरी, पण चाक थोडं वेगाने फिरवलं की ती फेकली जाते आणि खालच्या थरावर पकड मिळते. दुसऱ्यात टायर ती साय फाडतात, पोट चिखलावर टेकतं आणि खालून ओढ धरतं. मग आठही चाकं फिरली तरी गाडी हलत नाही. तिथे ट्रॅकच हवेत.

चढवण्याचं थोडक्यात सांगतो. टायर धुवा. ट्रॅक गाडीपुढे जमिनीवर सरळ पसरा, मधल्या मार्गदर्शक दात्यांची बाजू वर आणि बाण पुढच्या दिशेला. टायरमधली हवा कमी करा, पण शून्यावर नेऊ नका, नाहीतर बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, सुटते. गाडी ट्रॅकवर चढवा, दोन्ही टोकं वर घ्या, रॅचेटच्या पट्ट्याने ओढून जवळ आणा, पिन घाला, पिनेची कडी लावा, हवा भरा. पिन घालताना बोटं दोन टोकांच्या मध्ये ठेवू नका, रॅचेट सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. इथवर अवघड काहीच नाही.

खरं काम यापुढचं. ट्रॅकचा ताण कोणत्याही स्क्रूने होत नाही, तो टायरमधल्या हवेने होतो. हवा वाढवली की टायरचा घेर वाढतो आणि पट्टा ताणतो. एका बाजूची चाकं चेनने जखडलेली असल्याने त्यांचे घेर सारखे असायलाच हवेत. २४ इंची टायरचा घेर साधारण १९० सेंमी. शेजारच्या टायरचा घेर एकच सेंमी जास्त असेल तर १०० मीटरमध्ये, म्हणजे सुमारे ५२ फेऱ्यांत, दोन्ही चाकांच्या चालीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. नुसत्या टायरवर हा फरक चिखलात घसरून जिरतो, कळतही नाही. ट्रॅकमध्ये दोन्ही टायर एकाच पट्ट्याला धरून असतात, फरकाला जायला जागाच नसते. तो चेनवर येतो, स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) येतो, एक्सलच्या बाहेरच्या बेअरिंगवर येतो. गाडी जड चालते, पट्टा मध्येच कुरकुरतो, आणि आपण दोष ट्रॅकला देतो.

म्हणून ट्रॅक चढवण्याआधी (मी चढवल्यानंतर केलं, म्हणजे सगळं उतरवून परत) गाडी ठोकळ्यांवर उचला, सगळ्या टायरमध्ये सारखी हवा भरा आणि प्रत्येकाच्या मधोमध कापडी टेप गुंडाळून घेर मोजा. आठही आकडे खडूने टायरवरच लिहा. जवळजवळच्या घेराचे चार एका बाजूला, उरलेले चार दुसऱ्या बाजूला. डावी-उजवी बाजू एकमेकींशी तंतोतंत जुळायची गरज नाही, फार तर गाडी किंचित एका बाजूला ओढेल. एका बाजूच्या चौघांत मात्र अर्ध्या सेंटीमीटरच्या आत फरक आणा. बारीक फरक हवेने मिटतो. झिजलेल्या टायरला खूप जास्त हवा लागत असेल तर तो बदला, फुगवून वेळ मारून नेऊ नका.

आता दाब मोजायचा कशाने? गाडीचा नेहमीचा गेज इथे निकामी आहे, त्याचा काटा ५ पीएसआयच्या आसपास नीट हलतही नाही. ० ते १० पीएसआयचा वेगळा गेज घ्या. कॉम्प्रेसरने भरलात तर क्षणात दुप्पट दाब जातो. शेवटची हवा पायपंपाने भरा. बीड बसवताना टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ नका. बीड बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा, दाब वाढवू नका. ट्रॅकसाठी हवा नुसत्या टायरपेक्षा जास्त लागते. नुसत्या टायरला ३ पीएसआयच्या आसपास पुरतं; ट्रॅकला ५ किंवा त्याहून थोडं वर, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे. वरचा पट्टा दोन चाकांच्या मधोमध हाताने उचलला तर ३ ते ५ सेंमी उचलला जावा. हा माझा अंदाज. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

आणि हे सगळं जमवून गाडी दलदलीत घातली की पट्टा ढिला! याचं उत्तर शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ते शाळेतल्या पदार्थविज्ञानात होतं. ३० अंशांच्या शेडमध्ये ५ पीएसआय भरलेला टायर १० अंशांच्या पाण्यात बसला की गेज ३.७च्या जवळ येतो. वातावरणाचा १४.७ धरून एकूण दाब १९.७, तो केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात उतरून १८.४ होतो, त्यातून १४.७ वजा करा. म्हणजे ताणणारी हवा पाव हिश्शाने गेली. मोठ्या दाबाच्या टायरला ही घट जाणवत नाही, इथे मात्र तीच सगळा खेळ बिघडवते. म्हणून गाडी काठावर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभी करा, टायर गार होऊ द्या, मग दाब लावा. पायपंप आणि गेज गाडीतच ठेवा.

पट्टा ढिला झाल्याचं लक्षण ओळखायला शिका. इंजिन फिरतं, चाकं फिरतात, ट्रॅक जागच्या जागी. टायर आतल्या आत घसरतोय. खात्री करायची असेल तर टायरच्या बाजूला आणि पट्ट्याच्या एका पट्टीला रंगाची खूण करा. कोरड्या जमिनीवर पट्ट्याची एक फेरी होईपर्यंत टायरच्या किती फेऱ्या होतात ते मोजून ठेवा. चिखलात तो आकडा वाढला तर घसरण आहे. तेव्हा आणखी अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हणजे गाळ आत ओढून घेणं.

यात एक विचित्र उलट प्रकारही आहे. चिकण माती टायर आणि पट्ट्याच्या मध्ये थापली जाते, टायरचा घेर आपोआप वाढतो आणि पट्टा तारेसारखा ताणतो. तेव्हा एक्सल वाकायची वेळ येऊ शकते. म्हणून पातळ गाळात ताण थोडा जास्त, चिकण मातीत थोडा कमी. एकाच हवेत दोन्ही निभावतील ही आशा सोडा. शेर्प नावाच्या महाकाय टायरांच्या गाडीत इंजिनच्या धुराचा दाब वापरून टायर फुगवायची सोय आहे, चालत्या कामात हवा कमीजास्त करता येते. चिखलात त्या गाडीचा दबदबा आहे तो टायरच्या आकाराइतकाच या सोयीमुळे, असं मला वाटतं. आपल्याकडे मात्र पायपंपच.

वळणाचं सांगायचं राहिलं. ट्रॅक असताना जागच्या जागी वळू नका. बाजूला चिखलाचा बांध तयार होतो, पट्टा त्यावर चढतो आणि मार्गदर्शक दाते टायरवरून निसटतात. दलदलीच्या मध्यात उतरलेला ट्रॅक परत चढवण्यासारखं घाण काम दुसरं नाही. लांबून, थोडं थोडं वळा. गवताच्या सायीवरून जाताना गेलेल्याच चाकोरीतून परतू नका, साय पहिल्या फेरीतच फाटायला लागलेली असते. आणि पोट टेकतंय असं वाटलं की लगेच मागे घ्या. पूर्ण टेकल्यावर आधी फावड्याने कडेचा चिखल मोकळा करून हवा आत जाऊ द्या, मग विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावा. खालची ओढ सुटल्याशिवाय विंच नुसती दोरी ताणते.

ट्रॅक लावले की लो गियरच वापरा. इंजिनवर भार वाढतो, बेल्टचा क्लच तापतो, वळताना ब्रेकही जास्त तापतात. पाण्यात तरंगायला टायरमधली हवा हातभार लावते, पण ट्रॅकचं वजन त्यातून वजा होतं, म्हणून सामान कमी घ्या आणि उतरण्याआधी तळाची बुचं बघा. मी ती दोनदा बघतो.

परत आल्यावर बाहेरच्या प्रत्येक बेअरिंगमध्ये सीलमधून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरा. मग टायरची हवा सोडा. गार पाण्यात १० अंशांना लावलेले ५ पीएसआय ४० अंशांच्या उन्हात ७च्या वर जातात, आणि तो सगळा ताण उभ्या गाडीच्या एक्सलवर बसून राहतो.