परमिट रूमचा अर्ज आणि कॅमेऱ्याची एक ओळ

नाशिकमध्ये रेस्टॉरंट चालवणारा माणूस परमिट रूमसाठी, म्हणजे जागेवर विदेशी मद्य देण्याच्या परवान्यासाठी (एफएल-३ अनुज्ञप्तीसाठी) अर्ज करायला निघतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त धास्ती जागेच्या नियमांची असते आणि सर्वांत कमी विचार तो सीसीटीव्हीच्या अटीचा करतो. गंगापूर रोडवरील आमच्या रेस्टॉरंटची कागदपत्रे जमवताना हे मला प्रकर्षाने जाणवले. जागेचे नियम एकदा तपासले की निकाली निघतात, कॅमेऱ्याची अट मात्र अनुज्ञप्ती मिळाल्यानंतर रोज पाळावी लागते, आणि ती ज्या भाषेत लिहिली जाते त्या भाषेवर मालकाची, वेटरची आणि टेबलावर बसलेल्या पाहुण्याची सुरक्षितता अवलंबून असते.

आधी जागेविषयी थोडक्यात. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात द्यायचा असतो. निरीक्षक जागेची पाहणी करून अहवाल देतात, पोलिसांचाही अहवाल मागवला जातो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. शाळा आणि धार्मिक स्थळापासून ७५ मीटरचे अंतर पाहिले जाते. जुने नाशिक किंवा पंचवटीसारख्या, गल्लीगल्लीत देऊळ असलेल्या भागात या एका अटीवरच अर्ज अडू शकतो. महामार्गाचा प्रश्न वेगळा आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिची अंमलबजावणी झाली. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीतील अनुज्ञप्त्यांना ही मनाई लागू होत नसल्याचे स्पष्ट केले. मुंबई-आग्रा महामार्ग ज्या शहराच्या मधून जातो, तेथील व्यावसायिकांसाठी मधले ते महिने किती कठीण होते, हे वेगळे सांगायला नको.

आता कॅमेऱ्याकडे येतो. अर्जासोबत द्यायच्या हमीपत्राचा जो मसुदा आमच्यासमोर आला, त्यात एवढेच होते की, आस्थापनेत सीसीटीव्ही कॅमेरे कार्यरत ठेवण्यात येतील आणि मागणी केल्यास चित्रण उपलब्ध करून दिले जाईल. वाचताना या ओळीत काहीच खटकत नाही, आणि बहुतेक जण त्याखाली सही करून मोकळे होतात. पण कॅमेरे कोठे, चित्रण किती दिवस जपायचे, मागणी कोणी व कशी करायची, वीज गेली किंवा डिस्क बिघडली तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. उद्या वाद झाला, तर या अनुत्तरित प्रश्नांचा अर्थ समोरचा लावेल आणि अटीचा भंग झाल्याचा ठपका अनुज्ञप्तिधारकावर येईल. म्हणून ही ओळ अर्जाच्या टप्प्यावरच विस्ताराने लिहून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिला मुद्दा दिवसांचा. ‘चित्रण जतन केले जाईल’ असे मोघम लिहून देण्याऐवजी ३० दिवस असे स्पष्ट लिहावे, पण त्याआधी आपल्या यंत्राला ते पेलते का, हे पाहावे. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने चित्रण पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. असे आठ कॅमेरे ३० दिवस चालले, तर १० टीबीच्या थोडी वरच जागा हवी. विक्रेता अनेकदा आठ कॅमेऱ्यांच्या संचासोबत २ टीबीची डिस्क देतो. त्या डिस्कवर सहाव्या दिवसापासून जुने चित्रण आपोआप पुसले जाऊ लागते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तक्रार आठवड्याने आली, तर दाखवायला काहीच उरत नाही. चित्रणाचा वेग निम्मा केला, तर जागाही निम्मी लागते, परंतु प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्याबाबत ही काटकसर करू नये, कारण चेहरा ओळखू येणे हे त्याचे मुख्य काम आहे. तो कॅमेरा छतालगत उंच लावला, तर टोप्या आणि टक्कलच दिसते. चेहऱ्याच्या पातळीच्या थोडासाच वर लावावा, आणि दाराबाहेरच्या उन्हामुळे चेहरा काळा पडत नाही ना, हे भर दुपारी तपासून घ्यावे. रेकॉर्डर आणि कॅमेरे त्याला जोडणारा नेटवर्क स्विच दोन्ही यूपीएसवर असावेत. जूनच्या वादळी पावसात वीज गेल्यावर नेमके अंधारातले चित्रण नसणे कोणालाच परवडणारे नाही.

जागा ठरवताना आम्ही प्रवेशद्वार, बिलिंग काउंटर, बार काउंटर, मद्यसाठ्याच्या खोलीचे दार आणि पार्किंग एवढ्या ठिकाणांचा आग्रह धरला आणि त्या खुणा अर्जाला जोडलेल्या नकाशावरच केल्या. दालनात कॅमेरा आहे, पण तो संपूर्ण दालनाचे रुंद चित्र घेतो, कोणत्याही टेबलावर रोखलेला नाही. आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवले आहे. स्वच्छतागृहाचे दार आणि कर्मचाऱ्यांची कपडे बदलण्याची खोली कोणत्याही चौकटीत येत नाही. पाहुणा आपल्याकडे जेवायला आणि बोलायला येतो. त्याने कोणासोबत बसावे आणि काय बोलावे, याची नोंद ठेवण्याचा अधिकार अनुज्ञप्तीमुळे आपल्याला मिळत नाही.

हा माझा व्यक्तिगत हळवेपणा नाही. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या २०१६ च्या डान्सबारविषयक कायद्यातील आणि नियमांतील अनेक तरतुदी रद्द केल्या, त्यात सीसीटीव्ही सक्तीची अटही होती, आणि तिच्याविरुद्धचे कारण खाजगीपणाचे होते. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले होते. परमिट रूम आणि डान्सबार यांची तुलना मी करत नाही, तरीही अट उद्देशाच्या पलीकडे जाऊ नये, हा त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे. शिवाय २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. ओळखू येणारा चेहरा ही त्या माणसाची माहिती आहे, हे धरूनच यापुढे चालावे लागेल. दारावर ‘येथे सीसीटीव्ही चित्रण होते’ अशी ठळक मराठी पाटी आम्ही लावली आहे.

मागणी कोणी करायची, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अधिकाऱ्यांना चित्रण देण्यास माझी जराही हरकत नाही, उलट ते तत्परतेने द्यावे, असेच मी म्हणेन. परंतु मागणी लेखी असावी, तीत तारीख आणि वेळ असावी, आणि दिलेल्या प्रतीची पोच घ्यावी. फोनवरून ‘कालचे चित्रण पाठवा’ असे सांगणारा माणूस खरोखर कोण आहे, हे रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या मुलाने कसे ठरवायचे? मोबाइलवर क्लिप पाठवली की ती कोठे जाईल, यावर आपला काहीही ताबा राहत नाही. न्यायालयात तिचा उपयोगही मर्यादित होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही, म्हणजे नोंदीत फेरफार झाला नाही हे तपासण्याचा तिचा सांकेतिक ठसाही, लिहायचा असतो. जुन्या कायद्याखाली असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात स्पष्ट केले होते. म्हणून प्रत पेनड्राइव्हवर, रेकॉर्डरचे घड्याळ बरोबर असल्याची खात्री करून आणि नोंदवहीत सही घेऊन द्यावी. घड्याळ दहा मिनिटे मागे असले, तरी प्रतिपक्षाचे वकील तेवढ्यावर उभे राहू शकतात.

वयाच्या प्रश्नात हे सर्व एकत्र येते. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे अशी वयाची अट आहे. वायनरी पाहून मुंबई-पुण्याहून येणारे गट आणि कॉलेज रोडवरची तरुण मंडळी एकाच टेबलावर बसली, की बावीस वर्षांच्या मुलाला वाइन चालते, पण त्याच्या शेजारच्या ग्लासातली व्हिस्की चालत नाही. १९ मे २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीनाला मद्य कोठे दिले गेले, याचा तपास थेट बारपर्यंत पोहोचला होता आणि त्यात चित्रण हाच मोठा पुरावा ठरला. आमच्या जुन्या कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, कॅमेऱ्याची जागा ठरवताना एवढेच म्हटले, ‘‘साहेब, मी कार्ड मागतो, ते दिसेल असा एक कॅमेरा लावा.’’ त्याचे नाव नोकरनाम्यात, म्हणजे मद्य हाताळण्याची परवानगी असलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीत, आहे आणि पाहुण्याने खोटे वय सांगितले तरी प्रश्न प्रथम त्यालाच विचारला जाणार आहे. त्यामुळे दालनाच्या दाराशी ओळखपत्र पाहण्याची जागा ठरवून त्यावर कॅमेरा ठेवला, आणि कार्डावरचा मजकूर नव्हे, तर कार्ड पाहिल्याची कृती दिसेल, एवढेच चित्र घेतले.

सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरात कॅमेऱ्यांविषयीचा आग्रह वाढत आहे आणि रस्त्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण मागितले जाण्याची शक्यताही. त्या कॅमेऱ्याबाबत सहकार्य करायला आम्ही तयार आहोत. दालनातल्या कॅमेऱ्याचे थेट प्रक्षेपण मात्र कोणालाही कायमस्वरूपी देणार नाही, हे आम्ही मसुद्यात वेगळे लिहिले आहे.

अनुज्ञप्तीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि नूतनीकरणाच्या वेळी नवे हमीपत्र मागितले जाऊ शकते. त्यासाठी नकाशा, कॅमेऱ्यांची यादी, ३० दिवसांच्या साठवणुकीचा हिशेब आणि बिघाड झाल्यास लेखी कळवण्याची पद्धत यांची एक फाइल तयार ठेवली आहे. रेकॉर्डरचा पासवर्ड माझ्याकडे आणि व्यवस्थापकाकडेच आहे. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला आणि बदलल्याची तारीखही त्याच फाइलमध्ये नोंदवली आहे.