उजवी पोटरी: बोपदेवनंतर आखडलेपणा परत, आणि सोलियसचा हिशोब

सकाळचा आखडलेपणा परत आलाय. मागच्या नोंदीत तो पाच मिनिटांवर उतरला होता. पुण्याजवळचा बोपदेव घाट सायकलने चढून आल्याच्या दुसऱ्या सकाळी पुन्हा पंचवीस. चढताना दुखणं 10 पैकी 3 च्या वर गेलं नाही, म्हणजे टेंडनच्या दुखण्यावर संशोधन करणाऱ्या सिल्बरनागेलच्या नियमात नीट बसणारं: व्यायाम चालू असताना 5 पर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. पहिली अट पाळली गेली, दुसरी मोडली. तूर्त घाट बंद, खडकवासल्यापर्यंतचा सपाट रस्ता आणि ट्रेनर (सायकल घरात जागेवरच चालवण्याचं यंत्र) चालू, सिंहगड पुढे ढकलला.

निदान तेच आहे: अकिलीस टेंडनचं, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीचं दुखणं. मिडपोर्शन, म्हणजे टेंडनच्या मधल्या भागात, टाचेच्या हाडापासून साधारण चार सेंटीमीटर वर. सोनोग्राफीत टेंडन जाडसर, फाटलेलं नाही. पोटरीतला जुना स्ट्रेन भरलाय.

आधी चांगली बाजू. सरळ गुडघ्याने, एका पायावर टाच उचलणं, मेट्रोनोम 60 वर (एका ठोक्याला वर, एका ठोक्याला खाली): डावा 27, उजवा 25. ही दरी सुरुवातीला पाहता पाहवत नव्हती, आता ती जवळपास बुजली. एचएसआरचा (हेवी स्लो रेझिस्टन्स, म्हणजे जड वजन सावकाश उचलणं) क्रम बायरच्या 2015 च्या अभ्यासातला जसाच्या तसा चाललाय: पहिला आठवडा 15 रेपचे 3 सेट, दुसरा-तिसरा 12 चे 3, चौथा-पाचवा 10 चे 4, सहा ते आठ 8 चे 4, नऊ ते बारा 6 चे 4. आठवड्यातून तीन वेळा, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, सेटमध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. आल्फ्रेडसनचा 1998 चा मूळ क्रम, म्हणजे रोज 180 हील ड्रॉप (पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली उतरवणं), हाही चालतो आणि बायरच्या अभ्यासात दोन्हींचे निकाल सारखेच आले. पण रोज दोन वेळा जिन्यात उभं राहण्याची चिकाटी नोकरी करणाऱ्या माणसाकडून फार दिवस होत नाही. एचएसआर टिकतो, हीच त्याची खरी गुणवत्ता.

मग सरळ गुडघ्याची ताकद भरली असताना एका घाटाने टेंडन का चिडावं? उत्तर वाकलेल्या गुडघ्यात सापडलं. भिंतीकडे तोंड करून एका पायावर उभं राहायचं, गुडघा भिंतीला टेकेल इतका वाकवायचा आणि टाच उचलताना तो टेकलेलाच ठेवायचा. तो भिंतीवरून वर सरकेल, पण सुटला की रेप बाद. मेट्रोनोम तोच. डावा 24, उजवा 14. सरळ गुडघ्याने दिसणारी बरोबरी इथे पार उघडी पडते.

कारण शरीररचनेत आहे. पोटरीत दोन मुख्य स्नायू: वरचा गॅस्ट्रोक आणि त्याखालचा सोलियस. गॅस्ट्रोक गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. गुडघा वाकला की तो ढिला पडतो आणि काम सोलियसच्या गळ्यात येतं. सायकलवर गुडघा पूर्ण सरळ कधीच होत नाही. सीट बरोबर असेल तर पेडल तळाशी असतानाही 25 ते 35 अंश वाकलेला राहतो. पेडल खाली दाबताना सोलियस जोर लावतो, गॅस्ट्रोकची पाळी थोडी उशिरा, तळ ओलांडताना येते. म्हणजे सायकलस्वाराला ज्या स्नायूचं काम सर्वांत जास्त, तोच फिजिओच्या कागदावर 'बसून टाच उचलणे, 20 रेप, रिकाम्या हाताने' असा शेवटच्या ओळीत असतो.

त्या शेवटच्या ओळीचा हिशोब मांडला. घोट्याच्या सांध्यापासून चवडा साधारण 13 सेंटीमीटर पुढे आणि अकिलीस साधारण 5 सेंटीमीटर मागे. चवड्यावर येणाऱ्या वजनाच्या सुमारे 2.6 पट ओढ टेंडनवर येते. 72 किलोचा माणूस एका पायावर उभा राहून टाच उचलतो तेव्हा टेंडनवर जवळपास 187 किलो. तोच माणूस बसून, मांडीवर 20 किलोची प्लेट ठेवून टाच उचलतो तेव्हा 52, त्यात नडगीचं थोडं वजन. हा भार टेंडनच्या खिजगणतीतही नाही. उभ्या व्यायामाची बरोबरी करायची तर एका गुडघ्यावर 70 किलोच्या आसपास हवेत. तांदळाची 25 किलोची गोणी सुरुवातीला ठीक, पुढे तिचं काम नाही.

हे 70 किलो गुडघ्यावर ठेवायचे कसे, यातच सगळा वेळ गेला. पर्याय असे निघाले.

सीटेड काफ मशीन: पुण्यातल्या बऱ्याच जिममध्ये असतं, कोपऱ्यात, टॉवेल वाळत घालायला. लिव्हरवर चालतं, त्यामुळे खुंटीवर चढवलेल्या प्लेटा आणि गुडघ्यावर येणारा भार यांचा आकडा एक नसतो. घरचा बाथरूमचा वजनकाटा फळीवर ठेवून त्यावर चवडा टेकवा आणि भार घ्या, खरा आकडा दिसतो. एकदा मोजून वहीत लिहिला की पुन्हा मोजावं लागत नाही. मशीन बदललं की मात्र मोजा.

स्मिथ मशीन (उभ्या रुळांत वर-खाली सरकणारा बार) आणि बाक: सर्वांत सोपं. नडगी उभी, चवडा 5 सेंटीमीटरच्या लाकडी ठोकळ्यावर, बारखाली जाड फोम. बार गुडघ्याच्या वाटीच्या मागे चार बोटांवर हवा. मांडीच्या मध्यावर ठेवला तर जवळपास अर्धा भार बाक खातो आणि आकडा फक्त आरशात छान दिसतो. गुडघा मागे सरकला, नडगी कलली, तरी तेच होतं. बारचं स्वतःचं वजन प्रतिभारामुळे प्रत्येक मशीनवर वेगळं असतं. तेही काट्यावर बघा. सेफ्टी हुक गुडघ्याच्या उंचीला लावायला विसरू नका.

लेग प्रेस: गुडघे वाकवून चवड्याने ढकलायचं. भार हवा तेवढा मिळतो, पण रेपागणिक गुडघा नकळत सरळ होत जातो आणि गॅस्ट्रोक घुसखोरी करतो. शिवाय प्लॅटफॉर्मवरून चवडा सटकला तर काय होईल याचा विचार करून हा पर्याय खोडला.

ठरलं ते स्मिथ. सुरुवात एका पायावर 40 किलो, 15 चे 3 सेट, टेम्पो तोच. लक्ष्य 70 किलो, 6 रेप. उभा व्यायाम चालूच, पण 4 ऐवजी 2 सेट, म्हणजे एकूण भार एकदम उडी मारणार नाही. टाच ठोकळ्याखाली किती उतरवायची, यावर: मिडपोर्शनला पूर्ण चालते. ज्यांचं दुखणं हाडालाच चिकटून आहे त्यांनी जमिनीच्या पातळीखाली जाऊ नये. तिथे टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं. पर्वतीच्या पायऱ्यांवर कडेला उभं राहून टाच लोंबकळवणारे बरेच दिसतात. इन्सर्शनलवाल्यांनी, म्हणजे हाडालगत दुखणाऱ्यांनी, ती नक्कल करू नये, जिन्यात स्ट्रेचिंगही करू नये.

दुसरं टोक सायकलचं. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी, तळव्याखालची पट्टी) 5 मिलिमीटर मागे घेतली. वरचाच हिशोब: 13 चे 12.5 झाले की पोटरीवरचा भार सुमारे 4 टक्क्यांनी उतरतो. पूर्ण 1 सेंटीमीटर मागे घेतली तर जवळपास 8. फुकटात मिळणारी ही सूट कुणीच सोडू नये. पद्धत: जुन्या जागेची कड बारीक मार्करने आखून घ्या, तिन्ही बोल्ट थोडे ढिले करा, काढू नका, क्लीट सरळ मागे सरकवा, 5 ते 6 न्यूटन-मीटरला आवळा. क्लीट मागे गेल्यावर पाय पेडलवर पुढे येतो, म्हणून सीट 2 मिलिमीटर खाली. याच कारणाने बुटाचं टोकही पुढे येतं: हळू वेगात वळताना ते पुढच्या चाकाला लागतं का, हे रस्त्यावर जायच्या आधी पार्किंगमध्ये तपासा. लहान फ्रेमवर हे हमखास होतं.

सीटबद्दल मतभेद होणारच, पण दोन्ही टोकं अकिलीसला वाईट आहेत. फार उंच असेल तर तळाशी पोचायला चवडा खुपसावा लागतो. फार खाली असेल तर घोटा दर फेरीला जास्त दुमडतो. एका वेळी 3 मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका. आणि सायकल अंगाला बसवून देणारा जो फिटर बुटाकडे न बघताच सीटपोस्टला हात घालतो, त्याला पैसे देण्यापेक्षा एक टॉर्क रेंच घ्यावा.

गिअरचं गणित जास्त बोलकं आहे. 34/28 वर (पुढे 34 दाते, मागे 28) 60 कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलच्या 60 फेऱ्यांनी, चढताना वेग साधारण ताशी 9.2 किमी. त्याच वेगाला 34/34 लावलं तर कॅडन्स 73 होतो आणि दर फेरीचा टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवायचा जोर, 18 टक्क्यांनी उतरतो. 200 वॉट 60 ला म्हणजे क्रँकवर सरासरी 32 न्यूटन-मीटर, 90 ला 21. दम तोच लागतो, टेंडनला मात्र फरक कळतो. उभं राहून पेडल मारणं तूर्त पूर्ण बंद. डोंबाऱ्याचे खेळ सिंहगडाच्या शेवटच्या वळणांना राखून ठेवू.

हे सगळं मांडताना एक कल्पना सुचली आणि या आठवड्याचा बेत बदलला. आजवर घाट रविवारी आणि जड वजनं सोमवार, बुधवार, शुक्रवार असा रिवाज. जड भारानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये बांधणीपेक्षा मोडतोड जास्त चालते. रविवार-सोमवार लागोपाठ आले की त्याला उसंतच नाही. वजनं मंगळवार आणि गुरुवारवर आणून, तिसरं सत्र रविवारी संध्याकाळी, घाट पुन्हा सुरू झाला की घाटानंतर, हलकं करून बघायचं. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार खरोखर रिकामे: ट्रेनरवर 90 कॅडन्स, हलका गिअर, बस्स.

दुसरी कल्पना: ट्रेनरवर व्हिडिओ. गुडघ्याची बाहेरची बाजू, घोट्याचं हाड, बुटाची टाच आणि करंगळीचा सांधा या चार जागी पांढऱ्या टेपचे ठिपके. फोन क्रँकच्या उंचीला, तीन मीटर लांब, स्लो मोशन. पाचव्या मिनिटाला एक तुकडा, चाळिसाव्याला दुसरा. पेडल तीनच्या काट्यावर असताना टाच किती खाली आहे, हे दोन्हींत ताडून बघायचं. टाच खाली असणं हा दोष नाही, अनेकांची ढबच तशी असते. चाळिसाव्या मिनिटाला ती आधीपेक्षा खाली उतरली तर सोलियस थकून सोडून देतोय, असा अर्थ. घाटातली पहिली वीस मिनिटं बिनदुखी आणि नंतर त्रास, याचं उत्तर यात मिळू शकेल. म्हणून क्लीट आणखी मागे घेण्याचं थांबवलंय. आधी चित्र, मग बदल.

सामानाविषयी. टाच उंचावण्यासाठीचे सिलिकॉनचे मऊ कप सर्जिकल दुकानात लगेच दाखवतात, पण ते वजनाखाली चेपतात आणि उंची उरतच नाही. चप्पल दुरुस्तीवाल्याकडून 10 मिलिमीटरचा एमसीआरचा (चपलांच्या तळव्याचं रबर) तुकडा पाचरीसारखा तासून घ्या, रोजच्या दोन्ही बुटांत घाला, एकाच पायात नको. सायकलच्या बुटात घालून उपयोग नाही; तिथे जोर क्लीटवरून जातो. जिलेटिन 15 ग्रॅम आणि क जीवनसत्त्व व्यायामाआधी तासभर, हा प्रयोग करायचा त्यांनी करावा. शाकाहारी मंडळींनी चायना ग्रासवर समाधान मानू नये, त्यात कोलॅजन नाहीच.

शॉकवेव्ह (यंत्राने टेंडनवर ध्वनिलहरींचे ठोके देणं): आठवड्याच्या अंतराने तीन सत्रं, आणि व्यायामाबरोबरच. व्यायामाऐवजी घेतली तर पैसे पाण्यात. पीआरपीचं (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर जामा या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2010 आणि 2021 च्या चाचण्यांचं नाव घ्या; दोन्हींत खोट्या इंजेक्शनपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. टेंडनमध्ये स्टेरॉइड नको, फाटण्याचा धोका असतो. सिप्रो किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स टेंडनला घातक ठरू शकतात; ती कुणी लिहून देत असेल तर टेंडनचं दुखणं आधी सांगा, पर्याय बहुधा निघतो. फट् असा आवाज आला, किंवा पालथं झोपून पोटरी दाबल्यावर पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक. पोटरी एका बाजूने सुजली, गरम लागते, आणि आधी लांबचा बसप्रवास झालाय, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते: मालिश करू नका, डॉपलर सोनोग्राफी करून घ्या.

पुढची चाचणी: वाकलेल्या गुडघ्याने उजवा 20 ला पोचला आणि सकाळचा आखडलेपणा सलग आठवडाभर पाच मिनिटांत राहिला की पुन्हा बोपदेव, बसून, कॅडन्स 70 च्या खाली न जाऊ देता. त्यासाठी मागे 11-34 दात्यांची कॅसेट हवी. सध्याचा शिमानो 105 चा आखूड केजचा डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) 30 पर्यंतच घेतो, म्हणून जीएस, म्हणजे लांब केज लागेल, साखळीही लांब, आणि 11-स्पीडच्या रोड हबवर शिमानोच्या 11-34 मागे 1.85 मिलिमीटरचा स्पेसर. लांब केजचा 105 डिरेलर, आर7000 जीएस, कुणाकडे पडून असेल तर कळवा. स्पेसर इथे दोन जादा आहेत, अदलाबदल करू.