मे महिना, कूलर आणि लीशमन: लिम्फोसाइटची नोंद

लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातली एक पांढरी पेशी, पाहायला केलेली रक्ताची स्लाइड नागपूरच्या मे महिन्यात दोनदा बिघडते आणि दोन्ही वेळा भांडण कूलरशीच असतं.

कूलर चालू ठेवला तर खोली दमट. फिल्म (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) रेंगाळत सुकते आणि ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून पाहायची मोठी लेन्स) तांबड्या पेशींत चकाकणारी, कुरतडल्यासारखी भोकं दिसतात. (मिथेनॉलमध्ये ओल शिरली तरी हेच होतं, बाटलीचं बूच घट्ट हवं.) कूलर बंद केला तर फिल्म झटकन सुकते, पण पारा ४५ वर असताना लीशमन स्टेनही (पेशी रंगवायचं द्रावण) स्लाइडवरच आटतो. जांभळा गाळ बसतो आणि नवखा माणूस त्याला प्लेटलेट म्हणून मोजतो.

आता बसलेली पद्धत अशी. कूलर बंद, खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको. ०.१५ ग्रॅम लीशमन पावडर, १०० मिली असिटोनमुक्त मिथेनॉल. स्वतःच्याच बोटाचं रक्त, नवी लॅन्सेट. पहिला थेंब पुसायचा. स्प्रेडर (रक्त पसरवायची काच) ३० ते ४५ अंशांत, फिल्म तीनेक सेंमी. मग ८ थेंब स्टेन, २ मिनिटं, वर कोरड्या पेट्री डिशचं झाकण. त्यानंतर ६.८ पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १६ थेंब, १० मिनिटं. ओला कापूस झाकणाखाली आत्ता ठेवायचा, आधी नाही. शेवटी स्टेन ओतून टाकू नका, वरची साय फिल्मवर बसते. बफरनेच ती तरंगवून बाहेर काढा. बफरऐवजी बोअरचं अल्कधर्मी पाणी घेतलं की सगळं निळसर पडतं आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीच्या दाण्यांचा संत्र्याचा रंग जातो. तो रंग नागपूरकरांना वेगळा सांगायला नको.

छोटा लिम्फोसाइट तांबड्या पेशीपेक्षा जेमतेम मोठा: गर्द गोल केंद्रक, कडेला फिक्या निळ्या सायटोप्लाझमची चंद्रकोर. तो टी की बी (लिम्फोसाइटचे दोन प्रकार), हे लीशमनवर कळत नाही; त्याला सीडी३, सीडी१९ सारखे मार्कर (पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं) लागतात. फिल्मच्या शेपटीच्या, म्हणजे विरळ होत संपणाऱ्या, टोकाला मोजणी नको. तिथे न्यूट्रोफिल, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि लिम्फोसाइटचा आकडा खोटाच कमी येतो. तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे नागमोडी फिरून १०० पांढऱ्या पेशी मोजा. प्रौढात लिम्फोसाइट साधारण २० ते ४० यायला हवेत.

पुढची स्लाइड टॉन्सिलची, जिथे लिम्फोसाइट दाटीने असतात; तयार, एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) रंगाची. ४ एक्स लेन्सवर फिकट जर्मिनल सेंटर (लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्याचा मध्य) आणि भोवतीचं गडद मँटल (त्याचं कडं) आधी हेरायचं. ४० एक्स नंतर.