तुम्ही विचारलंत म्हणून: सहाराची वीज युरोपात का पोचली नाही?

उच्चदाब वीजवाहिन्यांच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस निवृत्तीनंतर लग्नकार्यात भेटला, की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: सहारात एवढे ऊन फुकट पडते, तर तिथे सौर प्रकल्प उभारून साऱ्या युरोपला वीज का पुरवत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन उत्तरे तयार असतात. एक तर इतक्या लांब नेताना वीज वाटेतच संपत असणार, नाहीतर तेलवाले हे होऊ देत नसणार. माझे उत्तर याहून रुक्ष आहे आणि पंगतीत बसून ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

अंतराची शंका लवकर फिटण्यासारखी आहे. उच्चदाबाच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, वाहिनीत हजार किलोमीटरमागे साधारण ३ टक्के वीज खर्ची पडते आणि दोन्ही टोकांच्या रूपांतर केंद्रांत मिळून आणखी दीडएक टक्का. आपल्याकडची चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी १९९९ पासून विदर्भातली वीज मुंबईच्या उंबरठ्यावर आणून देत आहे.

सहाराची कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेरहार्ड क्नीस यांनी चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर मांडली. जगभरातल्या वाळवंटांवर अवघ्या सहा तासांत पडणारी सौरऊर्जा मानवजातीच्या वर्षभराच्या वापराहून अधिक आहे, असा त्यांचा हिशेब होता. २००९ मध्ये म्युनिक रे, सीमेन्स, डॉइश बँक अशा बड्या कंपन्या एकत्र आल्या आणि ‘डेझर्टेक’च्या नावाने सुमारे ४०० अब्ज युरो खर्चून २०५० पर्यंत युरोपच्या विजेपैकी १५ टक्के वीज वाळवंटातून आणण्याची घोषणा झाली.

या योजनेचा भर आरशांवर होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. आरशांनी ऊन एकवटून तेल किंवा मीठ तापवायचे, त्या उष्णतेने वाफ करून टर्बाइन फिरवायचे आणि तापलेले मीठ टाक्यांत साठवून सूर्यास्तानंतरही वीज काढायची, अशी ती रीत आहे. तिला थेट, स्वच्छ ऊन लागते, कारण ढगांतून झिरपणारा उजेड आरशाला एका जागी एकवटता येत नाही. म्हणून वाळवंटाला पर्याय नव्हता. सौर पॅनेलला मात्र ढगाळ आकाशही थोडेफार चालते. २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी कोसळल्या आणि हिशेबच बदलला. जर्मनीत सहाराच्या निम्मेच ऊन पडते हे खरे, पण स्वस्तातली पॅनेले दुप्पट बसवली की निदान वर्षाची बेरीज जुळते, आणि मग समुद्रापलीकडची जमीन, हजारो किलोमीटरची तार आणि वाटेतल्या प्रत्येक सरकारची मनधरणी यांतले काहीच लागत नाही. रात्रीचा आणि हिवाळ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य.

मनधरणीचे म्हणाल तर २०१२ मध्ये स्पेनमार्गे वीज आणण्याच्या मोरोक्कोबरोबरच्या करारावर सही करण्याची वेळ आली तेव्हा स्पेन मागे राहिला. त्याच्याकडे स्वतःचीच वीज भरपूर होती आणि फ्रान्सकडे जाणाऱ्या तारा अपुऱ्या होत्या; परक्याची वीज आपल्या अंगणातून जाऊ देण्यात त्याचा लाभ तो काय? सीमेन्सनेही त्याच वर्षी अंग काढून घेतले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीखालून स्पेन आणि मोरोक्को यांना जोडणाऱ्या तारा १९९७ पासून आहेत, पण त्यांतून बहुतेक वर्षे वीज गेली ती स्पेनकडून मोरोक्कोकडे. गंगा उलटीच वाहिली.

मोरोक्कोने वारझाझात येथे आरशांचा नूर प्रकल्प उभारला, त्याचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला, आणि ती वीज देशातच वापरली जाते. मला हे योग्य वाटते. ज्या देशाची बहुतांश वीज आजही आयात कोळशावर होते, त्याने आपली स्वच्छ वीज परदेशी विकून घरी कोळसा जाळावा, हा सौदा मला कधीच पटला नाही.

स्पेनला वळसा घालण्याचाही प्रयत्न झाला. एक्सलिंक्स या कंपनीने मोरोक्कोहून थेट ब्रिटनपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटरची केबल समुद्रतळातून नेण्याचा आणि ३.६ गिगावॉट वीज पुरवण्याचा बेत आखला होता. जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला पाठिंबा नाकारला.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आपल्या थारचे काय? तिथे भडला येथे २,२४५ मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले आणि तिथली वीज परराज्यांत जाते, कारण तारेची दोन्ही टोके एकाच देशात आहेत आणि २०१३ च्या अखेरीपासून सारा देश एकाच ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकाच जाळ्यावर, आहे. तिथली अडचण वेगळी निघाली: तारांवर आदळून मरणारे माळढोक. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले आणि २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.