एक केबीचे इतिवृत्त

ठाण्यात नौपाड्यामध्ये संगणकांच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा माझा व्यवसाय आहे. माझ्या गिऱ्हाइकांत वकील, सनदी लेखापाल आणि दवाखाने आहेत. पण अलीकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांची कामे फार वाढली आहेत, कारण नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत आणि त्या निमित्ताने जुनी कागदपत्रे शोधून काढण्याची वेळ एकेका संस्थेवर येते आहे. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी अशाच एका संस्थेच्या सचिव मॅडमचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाला चोख असलेल्या या बाईंचा आवाज मी प्रथमच घाबरलेला ऐकला. "अहो, सोसायटीच्या मेलवर काहीच येत नाहीये, सभासदांनी पाठवलेलं त्यांच्याकडेच परत जातंय. आणि उद्या दहाला विशेष सभा आहे, तर जुनी मिनिट्स उघडत नाहीत. लगेच याल का?"

मी पोहोचलो तेव्हा तळमजल्यावरच्या कार्यालयात खजिनदारांचा पुतण्या संगणकासमोर बसला होता. मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि मदत करण्याच्या चांगल्या हेतूनेच आला होता. संस्थेच्या गुगल खात्याची १५ जीबी जागा पूर्ण भरली आहे, म्हणून मेल येत नाहीत, हे त्याने अचूक ओळखले होते. ट्रॅशमध्ये, म्हणजे काढून टाकलेल्या फाइलींच्या टोपलीत, गेलेल्या फाइलीही त्या १५ जीबीतच मोजल्या जातात, हेही त्याला ठाऊक होते. त्यामुळे ट्रॅश रिकामा करण्याच्या बटणावर त्याने कर्सर आणून ठेवला होता. पडद्यावरच्या यादीत मला 'इतिवृत्ते', म्हणजे सभांच्या मिनिट्सचे, फोल्डर दिसले आणि मी जवळजवळ ओरडूनच त्याला थांबवले.

मॅडम म्हणाल्या, "ते फोल्डर मी पेन ड्राइव्हवर घेतलंय. जागा मोकळी करायला तिथून काढलं." मी पेन ड्राइव्ह मागून घेतला. त्यात सर्व काही जागच्या जागी दिसत होते: मंजूर नकाशांचे स्कॅन, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक आणि आठ वर्षांची इतिवृत्ते. स्कॅन केलेल्या पीडीएफ व्यवस्थित उघडत होत्या, म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती. परंतु यादीत फाइलींचे आकार दिसतील असे केले, तेव्हा प्रत्येक इतिवृत्तासमोर १ केबी असा आकडा आला. तीन तास चाललेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे बारा पानी इतिवृत्त १ केबीत मावणे शक्य नाही.

त्यातली एक फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून मॅडमना दाखवली. आत इतिवृत्ताचा एक शब्दही नव्हता. ही फाइल बदलू नये अशी सूचना, अक्षरे आणि अंक मिसळलेला एक लांबलचक ओळख क्रमांक आणि एक ईमेल पत्ता, एवढेच होते. गुगल डॉक्समध्ये लिहिलेला मजकूर आपल्या संगणकावर कधीच उतरलेला नसतो. आपल्या फोल्डरमध्ये दिसते ते फक्त त्या मजकुराचा पत्ता सांगणारे टिपण असते आणि मजकूर गुगलच्या सर्व्हरवर, ज्या खात्याच्या मालकीचा असेल त्या खात्यात असतो. या संगणकावर गुगल ड्राइव्हचा, म्हणजे खात्यात फाइली साठवण्याच्या गुगलच्या सोयीचा, प्रोग्रॅम 'मिरर' पद्धतीने चालवलेला होता, म्हणजे संगणकाच्या डी ड्राइव्हवरचे फोल्डर आणि खात्यातले फोल्डर सतत एकसारखे ठेवले जात होते. मॅडमनी कट-पेस्ट केल्यावर पीडीएफ खऱ्याखुऱ्या पेन ड्राइव्हवर गेल्या, इतिवृत्तांची फक्त टिपणे गेली, आणि डी ड्राइव्हवरून फोल्डर नाहीसे झाल्याचे पाहून प्रोग्रॅमने खात्यातले मूळ फोल्डर ट्रॅशमध्ये टाकले. प्रोग्रॅमने आपले काम बरोबर केले होते आणि मॅडमनीही बँकेत फाइल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवावी तसेच केले होते. कपाटात फाइलच नव्हती, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते.

१३ ऑक्टोबर २०२० पासून ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची पुसली जाते. मी तारीख पाहिली. त्या दिवशी सव्विसावा दिवस होता.

फोल्डर परत आणायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला नाही. पण यापुढचा शोध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मॅडमना इतिवृत्ते उघडत नसल्याचे आठवडाभर आधीच कळले होते. घरच्या लॅपटॉपवर, जिथे ड्राइव्हमध्ये त्यांचे वैयक्तिक खाते सुरू होते, तिथे फाइल उघडताच 'परवानगी हवी' असा संदेश आला होता. त्यांनी परवानगी मागण्याचे बटण दोनदा दाबले होते. ती विनंती मालक खात्याच्या ईमेलवर जाते, आणि ते खाते म्हणजे हेच भरलेले, मेल न घेणारे संस्थेचे खाते होते.

मग मी संगणकावर एकूण किती खाती आहेत ते मोजायला बसलो. क्रोम ब्राउझरच्या एकाच खिडकीत तीन गुगल खाती एकावर एक लॉगिन केलेली होती: संस्थेचे, मॅडमचे स्वतःचे आणि आधीच्या समितीने उघडलेले दुसरे. एकाच खिडकीत अनेक खाती असली की पुष्कळ वेळा दुवा पहिल्या खात्यात उघडतो आणि माणसाला वाटते की फाइल नाहीशी झाली. विंडोजमध्ये वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची अशीच साठवणुकीची सोय, सुरू होते, तेही माजी सचिवांच्या वैयक्तिक खात्याने. संगणक सुरू करताना कोणीतरी होकार दिल्यामुळे डेस्कटॉपवरची प्रत्येक फाइल त्यांच्या ५ जीबीत जात होती आणि ती जागाही भरली होती. ड्रॉपबॉक्स ही तशीच तिसरी सोय; तिथले खाते माजी खजिनदारांचे होते आणि त्याच्या २ जीबीत लेखापरीक्षणाची कागदपत्रे होती. मोफत जागा संपली की नवे खाते उघडायचे, आणि समिती बदलली की पुन्हा नवे उघडायचे, असा हा क्रम होता. खाती अनेक असण्यात मला गैर काही वाटत नाही; माझी स्वतःचीही चार आहेत. परंतु कोणती फाइल कोणत्या खात्याच्या मालकीची आहे हे सांगणारा एकही कागद त्या कार्यालयात नव्हता, आणि सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

ट्रॅशमधून परत आलेल्या फाइली मी पेन ड्राइव्हवरच्या टिपणांशी ताडून पाहिल्या, तेव्हा थकबाकीचे तीन तक्ते कमी भरले. ते ट्रॅशमध्येही नव्हते. सामायिक फोल्डरमधली फाइल दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर आपण ती काढल्यावर ती आपल्या ट्रॅशमध्ये येत नाही; आपल्या फोल्डरमधून दिसेनाशी होते आणि मालकाकडे राहते. येथे ती १ केबीची टिपणेच उपयोगी पडली. त्यांतले ओळख क्रमांक घेऊन मी तीन दुवे तयार केले आणि माजी खजिनदारांना, जे आता ऐरोलीला राहतात, व्हॉट्सॲपवर पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "हो, उघडले की. माझ्याकडेच आहेत. कोणाला परवानगी देऊ?" मॅडमनी तेव्हा दिवसातला पहिला चहा घेतला.

दुपार जागा मोकळी करण्यात गेली. फाइली आकाराप्रमाणे लावल्यावर असे दिसले की १५ पैकी सुमारे ९ जीबी जागा गणेशोत्सवाच्या चित्रफितींनी आणि सीसीटीव्हीच्या तुकड्यांनी व्यापली होती. त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, तिथे चालवून पाहून, मगच खात्यातून काढल्या आणि ट्रॅशमधूनही फक्त तेवढ्याच पुसल्या. चार वाजण्याच्या सुमारास पहिला मेल आला. आधी परत गेलेले मेल येणार नव्हते, म्हणून मॅडमनी सभासदांच्या गटावर सर्वांना ते पुन्हा पाठवण्याची विनंती केली.

सर्व खात्यांतली कागदपत्रे एकत्र उतरवण्यासाठी मी आरक्लोन हा मुक्त प्रोग्रॅम वापरला. निक क्रेग-वुड यांनी तो लिहायला सुरुवात केली. यात प्रत्येक खात्याला आपण एक नाव देतो आणि एकाच संगणकावरून, फाइली एकसारख्या ठेवणारे वेगवेगळे (सिंक) प्रोग्रॅम न चालवता, कोणत्याही खात्यातून फाइली आणता येतात. यातल्या 'कॉपी' आणि 'सिंक' या दोन आज्ञांतला फरक जाणल्याशिवाय कोणीही त्याला हात लावू नये. 'कॉपी' फक्त भर घालते. 'सिंक' मात्र मुक्कामाच्या जागी असलेली आणि मूळ जागी नसलेली प्रत्येक फाइल पुसून टाकते. मी 'कॉपी'च वापरली, तीही आधी रंगीत तालीम करून, म्हणजे प्रत्यक्ष काही न करता काय होईल याची यादी पाहून. गुगल डॉक्समधली इतिवृत्ते उतरताना वर्डच्या फाइलींत रूपांतरित होतात. पीडीएफ शब्दशः जुळतात की नाही हे आरक्लोन तपासू शकतो, पण या रूपांतरित फाइलींची तशी तपासणी होत नाही. त्यामुळे मॅडमनी आणि मी सगळी इतिवृत्ते एकेक करून उघडली. त्या वाचत होत्या आणि मी पानांची संख्या लिहीत होतो. २०१७ च्या एका सभेतला वाहनतळाचा ठराव सापडल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्या याच्यावरच भांडण होणार होतं."

संध्याकाळी क्रोममध्ये खात्यागणिक वेगळे प्रोफाइल केले आणि प्रत्येकाला वेगळा रंग दिला. संस्थेचे खाते भगव्या खिडकीत उघडते, आधीच्या समितीचे निळ्या. मॅडमचे वैयक्तिक खाते त्या संगणकावरून पूर्ण काढले. वनड्राइव्हचा डेस्कटॉपचा बॅकअप बंद करण्यापूर्वी तिथल्या सर्व फाइली बाहेर उतरवून घेतल्या, कारण तो बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणसे घाबरून भलतेच काही करून बसतात. हार्ड डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवली. ती जोडलेली राहिली असती, तर पुढच्या चुकीच्या कट-पेस्टपासून तीही सुरक्षित नव्हती. शेवटी संस्थेच्या आवक-जावक वहीच्या मागच्या पानांवर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात खात्यांची नोंद केली: खात्याचा पत्ता, त्यात काय आहे, मालक कोण, ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो आणि शेवटचे लॉगिन कधी झाले. पासवर्ड त्या पानावर लिहू दिले नाहीत. ते बंद लिफाफ्यात अध्यक्षांकडे राहतील.

ही नोंद करतानाच जुन्या एका पत्रात आणखी एक जीमेल पत्ता निघाला. इमारतीच्या अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकी संस्थेच्या नावावर करून घेण्याचा, पत्रव्यवहार त्यावरून झालेला आहे. हे खाते दिवंगत अध्यक्षांनी उघडले होते आणि त्याचे शेवटचे लॉगिन, त्यावरून गेलेल्या शेवटच्या मेलवरून पाहता, २० महिन्यांपूर्वीचे आहे. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकण्याचे गुगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. ओटीपी त्यांच्या जुन्या मोबाइलवर येतो. त्यांच्या मुलाने वडिलांचा तो मोबाइल आणि सिम अजून जपून ठेवले आहे आणि दर महिन्याला तो रिचार्जही करतो. येत्या रविवारी तो पुण्याहून मोबाइल घेऊन येणार आहे. मी अकरा वाजता तिथे असेन.