शॅफ यांची डायरी वर्गात वाचली तेव्हा

पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होऊ घातलेल्या मुलांना मी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवतो. मंडळीचे इतिहासकार फिलिप शॅफ यांच्यावरचा तास मला फार आवडतो. स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी 1819 साली जन्म, बर्लिनमध्ये अध्यापन आणि 1844 पासून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर्सबर्गला, जर्मन रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट मंडळीच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, प्राध्यापकी. प्रोटेस्टंट धर्मसुधारणा मध्ययुगीन मंडळीच्याच पोटातून जन्मली, असं मांडल्यामुळे त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला. 1845 मध्ये यॉर्कला भरलेल्या सिनडने, म्हणजे मंडळीच्या सभेने, त्यांना निर्दोष ठरवलं. मुलं मुकाट्याने टिपणं घेत होती.

मग मी त्यांची 1861 ची पुस्तिका काढली. गुलामगिरी वाईटच, पण बायबल तिच्यावर सरसकट बंदी घालत नाही, ख्रिस्ताच्या सुवार्तेच्या प्रभावाने ती हळूहळू नाहीशी होईल, असा तिचा सूर. लगोलग जून 1863 ची डायरी वाचली. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचे घोडेस्वार मर्सर्सबर्गमध्ये शिरलेत, कृष्णवर्णीयांना धरून नेताहेत. शॅफ यांच्या घरी कामाला असलेली म्हातारी एलायझा आपल्या पोराला घेऊन दिवसभर उभ्या पिकात लपते आणि अंधार पडल्यावर चार घास खायला घरी येते. तिची मुलगी जेन दोन लेकरांसकट पकडली गेली, व्हर्जिनियाला नेली गेली.

जालन्याकडचा एक मुलगा उठला. "सर, जातसुद्धा आपोआप जाईल असंच सांगतात आम्हाला. तोवर पिकात कुणी लपायचं?"

"पण हे त्यांनीच लिहून ठेवलंय ना? झाकलं तर नाही," मागून एकजण म्हणाला.

वाद पेटला, तास संपला तरी कुणी उठेना. मी शॅफ यांची बाजू घेतली नाही, घ्यावीशीही वाटली नाही. मंडळीच्या इतिहासाचे जाडजूड खंड लिहिणारा, दुभंगलेल्या मंडळ्या एक व्हाव्यात म्हणून आजारपणातही 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेलेला आणि महिन्याभरात वारलेला हा माणूस मला आजही थोरच वाटतो. पण त्याची पुस्तिका आणि डायरी यापुढे एकाच तासाला शिकवायची, हे मी तिथेच ठरवलं.

निघताना जालन्याच्या मुलाला एक अहवाल दिला. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट संघटनेच्या परिषदेचा, संपादकांत शॅफ. त्या परिषदेत जालन्याच्या मिशनचे नारायण शेषाद्री बोलले होते. त्यांनी वसवलेलं बेथेल हे त्या मुलाचं आजोळ. तो उभ्या उभ्याच पानं उलटू लागला.