लोक येत नाहीत म्हणे!

आमच्याकडं मानसिक आरोग्याचा विषय निघाला की कुणीतरी एक वाक्य टाकतंच, "लोकं देवर्षीकडं (म्हणजे अंगात येणाऱ्या मांत्रिकाकडं) जातात हो, डॉक्टरकडं येतच नाहीत, अडाणी आहेत." आणि हे म्हणणारी माणसं शिकलेली असतात, त्यात डॉक्टर पण असतात. सांगलीत आमचं मेडिकल आहे, काउंटरवर मी बसते, आणि खरं सांगू का, लोक येतात. रोज येतात. फक्त 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत येत नाहीत एवढंच. "ताई, झोपेची एखादी द्या", "वैनी, छातीत धडधडतंय, ईसीजी नॉर्मल आलाय", "डोकं गच्च झालंय चार महिने". अल्प्राझोलम ही चिंतेवरची, झोप आणणारी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, ती शेड्यूल एच-वन ह्या कडक नियमांच्या यादीत आहे, रजिस्टरला पेशंटचं नि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, हे समजावताना समोरची बाई अजून चार गोष्टी बोलून जाते आणि मागं लाईन थांबलेली असते.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ असते. तिच्या आजूबाजूला सगळी मेक्सिकन वस्ती, शेतावर काम करणारी. तिच्याशी बोलता बोलता तिथल्या लोकांच्या मानसिक आरोग्यावर काय काय अभ्यास झालेत ते वाचायला लागले आणि वाचतच गेले, कारण पानापानावर आपलीच माणसं दिसायला लागली. म्हणून हे लिहितेय, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तर हे 'लोक येत नाहीत' तिथंही म्हणायचे. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सरकारी मानसोपचार दवाखान्यांत मेक्सिकन-अमेरिकन पेशंट त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फारच कमी यायचे, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलेलं की ह्यांची संस्कृतीच वेगळी, ह्यांना वेड म्हणजे काय तेच कळत नाही. कार्नो आणि एजर्टन ह्या दोन संशोधकांनी ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये घरोघर जाऊन विचारलं, मेक्सिकन-अमेरिकन लोकांना आणि गोऱ्यांनाही, एखादा माणूस असा असा वागायला लागला तर त्याला काय झालंय असं तुम्हाला वाटतं वगैरे. 1969 साली त्यांनी छापलं की आजार वेगळा समजल्यामुळं लोक येत नाहीत हे खरं नाही. कारणं दुसरीच निघाली. दवाखान्यात स्पॅनिश बोलणारं कुणी नाही. फॅमिली डॉक्टरच सगळं बघतो. सरकारी हापिसात गेलं की अपमान होतो, माणूस स्वतःच्या नजरेत लहान होऊन परत येतो. आणि मुळात त्यांच्या वस्तीत अशी सोयच नाही. आता ह्यातलं एक तरी कारण आमच्या जिल्ह्यातल्या जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांना लागू होत नाही का सांगा मला.

1969 नंतर सगळं सुधारलं असेल असं वाटलं तर तसंही नाही. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी, वंश, संस्कृती आणि मानसिक आरोग्य ह्यावर वेगळा रिपोर्ट काढला. त्यात आहे की मानसिक आजार असलेल्या हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेल्या घरांतल्या) लोकांपैकी 11 मध्ये एकापेक्षा कमी जण मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडं पोचतात, बाहेरून स्थलांतर करून आलेल्यांत तर 20 मध्ये एकापेक्षाही कमी. आणि त्याच रिपोर्टात, एक लाख हिस्पॅनिक लोकांमागं त्यांच्यातले असे तज्ज्ञ 29, गोऱ्यांमागं गोरे 173. हा 29 चा आकडा बाजूला ठेवून 'येत का नाहीत' हे विचारणं म्हणजे एसटी सोडायची नाही आणि वर म्हणायचं पॅसेंजर नाहीत.

आपल्याकडचे आकडे माहीत असतीलच, 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के निघालं होतं. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच ऐकत आलोय, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. सांगली-मिरजेत निदान डॉक्टर तरी आहेत, तालुक्याला काय.

(देवर्षी नाहीत असं मी म्हणत नाहीये. दाभोलकरांचा सातारा इथून जवळच, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा कशासाठी करावा लागला ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण देवर्षी गावात असतो, अमावस्येला हमखास भेटतो आणि ऐकून घेतो, ह्यातलं आपण काय काय देतो तेवढं बघा.)

आता फ्रेस्नो. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षं, बेदाणा, शेड, रॅक, सल्फरची धुरी ह्यातच मोठी झाले. तर फ्रेस्नो ही तिकडची बेदाण्याची पेठ! तिथलं सेल्मा नावाचं गाव स्वतःला जगाची बेदाण्याची राजधानी म्हणवतं (तासगावकरांनी हसू नये). तिथं पारंपरिक पद्धत म्हणजे घड तोडून वेलींच्या ओळींमध्येच कागदावर उन्हात वाळवायचे, आणि हे काम बहुतेक मेक्सिकोतून आलेली माणसं करतात. त्याच फ्रेस्नो काउंटीत वेगा, कोलोडी आणि अगिलार-गाशिओला ह्यांनी सुमारे 3000 मेक्सिकन वंशाच्या लोकांचा सर्व्हे केला, 1998 ला छापला. सगळ्यांना वाटत होतं गरीब, परका देश, भाषा येत नाही, कित्येकांकडं कागद नाहीत, म्हणजे नवीन आलेल्यांची अवस्था सगळ्यात वाईट असणार. निघालं उलटंच. अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांत आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेले 48 टक्के, आणि मेक्सिकोतून आलेल्यांत 25 टक्क्यांच्या आसपास. त्यातही जे येऊन तेरा वर्षं झाली नव्हती त्यांच्यात 18, आणि त्याच्यापेक्षा जास्त राहिलेल्यांत 32.

म्हणजे जितकं जास्त राहिलं तितकं बिघडत गेलं असं दिसतं. ह्यावर मग वर्षानुवर्षं भांडणं झाली, कुणी म्हटलं धडधाकट माणसंच एवढ्या लांब जातात म्हणून तसं दिसतं, कुणी म्हटलं घरची माणसं, चर्च, गावचे लोक जवळ असतात तोवर आधार असतो, मग पोरं इंग्रजीत बोलायला लागतात, घर तुटत जातं. पुढं मार्गारिता अलेग्रिया आणि तिच्या टीमनी देशभरच्या डेटावर तपासलं तर मेक्सिकन लोकांना हे बरंचसं लागू पडलं पण पोर्तो रिको ह्या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाच्या लोकांना नाही. तेव्हा 'हिस्पॅनिक' म्हणून एकच गठ्ठा बांधता येत नाही. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांचं जाणं-येणं, त्यांची गरिबी, सगळंच वेगळं. आपल्याला कुणी कोल्हापूर आणि भंडारा एकाच टोपलीत टाकलं तर आवडेल का.

हे वाचताना मला सारखी विट्याकडची गलाईवाली माणसं आठवत होती. खानापूर-आटपाडीची घरंच्या घरं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळ, तमिळनाडू, बंगाल कुठं कुठं गेली. पहिली पिढी दुकानाच्या मागच्या खोलीत ॲसिडच्या वासात झोपायची, पण गावचेच चार जण बरोबर, जत्रेला सगळी परत. त्यांच्या नातवांचं कसं चाललंय? कुणी मोजलंय का? माझ्या तरी वाचनात नाही. आणि आता तासगावच्या शेडवर बिहार-यूपीहून येणारी पोरं, त्यांचं तर कुणी नावही विचारत नाही.

फ्रेस्नोच्याच डेटावरून दुसरा पेपर 1999 ला आला. गेल्या वर्षभरात आजार होता अशा लोकांपैकी कुठलीही मदत घेतलेले साधारण चौथा हिस्सा. तिथं जन्मलेल्यांत 37 टक्के, बाहेरून आलेल्यांत 15. म्हणजे नवीन आलेल्यांत आजार कमी हे खरं, पण ज्याला झाला तो एकटाच पडला.

पुराचं पण सांगते. ऑक्टोबर 1985 मध्ये पोर्तो रिकोत प्रचंड पाऊस झाला, पोन्से शहराजवळ मामेयेस नावाची वस्ती डोंगर घसरून गाडली गेली, शंभराहून जास्त माणसं गेली. योगायोगानं बेटावर 1984 मध्येच मानसिक आरोग्याचा सर्व्हे झालेला, त्यामुळं संशोधकांना आधी-नंतर असं बघता आलं. पोर्तो रिकोच्या लोकांत 'आताके दे नेर्व्हिओस' म्हणून एक प्रकार आहे, छातीतून उष्णता वर चढते, अंग थरथरतं, बाई किंचाळते, रडते, कधी कधी पडते. संशोधकांनी त्याला ढोंग म्हणून उडवून लावलं नाही. सरळ विचारलं, तुम्हाला असं झालंय का. 16 टक्के लोक हो म्हणाले, आणि त्यांच्यात डिप्रेशन आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा बरेच जास्त सापडले. म्हणजे ती खूण धरून गेलं की आजारी माणूस सापडतो.

2019 च्या पुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हाचं सगळ्यांना आठवतंय. पाणी उतरल्यावर लेप्टोच्या गोळ्या वाटल्या, क्लोरीन वाटलं, पंचनामे झाले. पण त्यानंतर कित्येक महिने ढग भरून आले की ज्या बायकांच्या हातापायाला कंप सुटायचा त्यांना आम्ही काउंटरवरून ओआरएस देत होतो. त्यांना 'असं कधीपासून होतंय' एवढं विचारणारं कुणी नव्हतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. डिप्रेशनची गोळी, समजा एस्सिटॅलोप्रॅम, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा हे मात्र पहिल्याच आठवड्यात. त्यामुळं माणूस आठ दिवसांत गोळी बंद करतो आणि 'सवय लागेल' हे शेजारणीनं सांगितलेलं असतंच. अमेरिकेतही पहिल्या महिनाभरात गोळी सोडणारे हिस्पॅनिक पेशंटमध्ये जास्त निघाले. न्यूयॉर्कमध्ये रोबेर्तो लुईस-फर्नांडेस नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी काय केलं तर गोळी लिहून देतानाच त्या गोळीबद्दल पेशंटला काय वाटतं ते काढून घ्यायचं, भीती असेल तर तीवर बोलायचं, मग लोक टिकायला लागले. डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, 16 प्रश्नांची एक मुलाखत आहे तीही करण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यात विचारतात की तुमच्या मते हे कशामुळं झालं, घरचे काय म्हणतात, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. साधे प्रश्न आहेत हो. पण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात तिथं सोळा प्रश्न कोण विचारणार, हेही खरंय. मी आपलं काउंटरवर एवढंच सांगते, "आज्जी, महिनाभर गुण नाही आला तरी बंद करायची नाही, आणि बंद करायची तर डॉक्टरला विचारून."

घरच्यांबद्दल एक अभ्यास मला फार आवडला. स्किझोफ्रेनियाचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी गेल्यावर परत आजारी कधी पडतो ह्यावर स्टीव्हन लोपेस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मेक्सिकन-अमेरिकन आणि गोऱ्या कुटुंबांची तुलना केली. गोऱ्या घरांत टीका जास्त तर आजार उलटायची शक्यता जास्त. मेक्सिकन घरांत टीकेनं तेवढा फरक पडला नाही, माया कमी असली की आजार उलटत होता. आमच्यासारख्या घरात, जिथं ओरडल्याशिवाय प्रेमच करता येत नाही, तिथं कुठलं लागू पडेल हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि शेवटचं, प्रोमोतोरा. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी बाई, थोडं ट्रेनिंग घेतलेली, घरी जाऊन बसते. आपली आशाताईच समजा. सॅन फ्रान्सिस्कोत रिकार्दो मुन्योस ह्यांनी गरोदर बायकांसाठी 'मामास इ बेबेस' नावाचा कोर्स काढला, बाळंतपणाच्या आसपासचं डिप्रेशन टाळायला, आणि पुढं तो घरभेटी देणाऱ्या बायकांकडूनही घेतला जायला लागला. लांब कशाला, शेजारच्या गोव्यात विक्रम पटेलांच्या टीमनी 2010 मध्येच दाखवलंय की ट्रेनिंग घेतलेले साधे काउन्सेलर सरकारी आरोग्य केंद्रात डिप्रेशन आणि चिंतेवर चांगलं काम करतात. म्हणजे जमतं. पण म्हणून आशाताईंच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर टाकू नका, मानधन द्या आधी. तिकडंही रडगाणं हेच आहे, ग्रँट संपली की प्रोमोतोरा घरी.

14416 हा टेलीमानसचा नंबर आम्ही काउंटरच्या काचेवर लावलाय, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, कानडीतही सोय आहे. पण दोन खोल्यांच्या घरात सासू शेजारी बसलेली असताना फोनवर बोलायचं काय, म्हणून बऱ्याच बायकांना समोरासमोर कुणीतरी हवं असतं. जतकडून मिरजेला येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना नीट कानडीच येतं, आणि डॉक्टरांना सांगायला बरोबर नातू असतो, आठवी-नववीतला. आज्जी मनातलं त्याच्यासमोर कशी बोलणार, आणि त्यानं तरी ते का ऐकावं. तर वाचणाऱ्यांपैकी कुणाला मिरज-जत भागात कानडी बोलणारे काउन्सेलर माहीत असतील तर मला कळवा, त्यांना विचारून त्यांचाही नंबर काचेवर लावते.